आतड्यांचे आनुवंशिक आजार : घरच्यांनी काय ओळखावं, काय तपासावं

पोट बिघडलं की आपल्या घरांत पहिला संशय खाण्यावर जातो. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, तेल जास्त झालं असेल, पाणी बदललं असेल, नाहीतर नजर लागली असेल. बहुतेक वेळा चार दिवसांत पोट ठीक होतं आणि विषय संपतो. पण काही घरांत तो संपत नाही. लहान मूल खातं-पितं तरी अंगाला लागत नाही, एकाच घरातल्या दोन भावांना चाळिशीच्या आत आतड्याचा कॅन्सर होतो, नवजात बाळाचं पोट दुसऱ्याच दिवशी ढोलासारखं फुगतं. अशा वेळी कारण खाण्यात नसून माणूस जे घेऊन जन्माला आला त्यात असू शकतं. या लेखात आम्ही अशाच निवडक आजारांची माहिती देत आहोत. यादी पूर्ण नाही. आपल्या कुटुंबांना ज्यांची गाठ पडू शकते आणि वेळेवर कळल्यास ज्यांत खरोखर फरक पडतो, तेवढेच आजार घेतले आहेत.

वारसा तीन तऱ्हांनी येतो

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. काही आजारांत एक प्रत बिघडलेली असली तरी पुरते. अशा आजाराला प्रभावी म्हणतात. आई-वडिलांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. काही आजारांत दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. त्यांना सुप्त म्हणतात. इथे आई-वडील दोघंही ठणठणीत असतात, फक्त एकेक बिघडलेली प्रत घेऊन फिरत असतात. अशा माणसाला वाहक म्हणतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते. इथे एक गैरसमज फार दिसतो. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे ‘आपला वाटा झाला’, आता पुढची तीन ठीक होतील, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

तिसरी तऱ्हा मिश्र आहे. जनुकांमुळे फक्त कल तयार होतो आणि आजार व्हायला बाहेरचंही काही लागतं. सिलिअ‍ॅक हा त्यातला सगळ्यात ओळखीचा आजार.

गव्हाशी वैर : सिलिअ‍ॅक

गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की ती चिवट होते ती याच्यामुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचं नुकसान करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. अन्न पोटात जातं पण रक्तात उतरत नाही.

मुलांमध्ये याची खूण म्हणजे फुगलेलं पोट आणि काटकुळे हातपाय, सततचे पातळ जुलाब, चिडचिड, उंची न वाढणं. पण मोठ्यांमध्ये जुलाब असतीलच असं नाही, आणि इथेच चूक होते. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नाही, हाडं ठिसूळ होतात, तोंड वारंवार येतं, वारंवार गर्भपात होतो, आणि पोटाकडे कुणाचं लक्षच जात नाही. ज्या बाईचं हिमोग्लोबिन काही केल्या चढत नाही, तिच्या डॉक्टरांना सिलिअ‍ॅकबद्दल एकदा जरूर विचारावं, असं आमचं मत आहे.

गव्हाचा संबंध कसा लागला हेही सांगण्यासारखं आहे. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना आधीपासून पावावर संशय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भयंकर अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा बिघडली. डिके यांनी पुढे १९५० साली आपल्या प्रबंधात हे मांडलं.

जनुकांचा भाग असा आहे. सिलिअ‍ॅकच्या जवळपास सगळ्या रुग्णांमध्ये एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांपैकी एक प्रकार सापडतो. पण हेच प्रकार साधारण ३० ते ४० टक्के निरोगी लोकांमध्येही असतात. म्हणून ही जनुकीय तपासणी ‘नाही’ म्हणायला उपयोगी पडते, ‘हो’ म्हणायला नाही. जगभरात साधारण १०० माणसांत एकाला सिलिअ‍ॅक आहे. उत्तर भारतातलं प्रमाण याच्याच आसपास आहे, दक्षिणेत बरंच कमी. जनुकं दोन्हीकडे सारखीच असूनही हा फरक आहे, कारण ताटातला गहू वेगळा आहे. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना, मुलांना आणि आई-वडिलांना धोका जास्त, साधारण दहात एक. घरात एकाला निघाला तर बाकीच्यांनी तपासून घेणं शहाणपणाचं आहे, त्रास नसला तरी.

तपासणी रक्ताची असते, टीटीजी-आयजीए नावाची. ती वाढलेली निघाली तर बहुधा दुर्बीण घालून आतड्याचा छोटा तुकडा तपासतात. मात्र तपासणीआधी गहू बंद करू नका. बरेच लोक ऐकीव माहितीवर आधी रोटी सोडतात, आतडं भरून यायला लागतं आणि मग तपासणी खोटी चांगली येते.

इलाज एकच, जन्मभर ग्लूटेन बंद. थोडंसं, सणापुरतं, चाखण्यापुरतं असं काही चालत नाही. आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ काय होतो ते नीट पाहिलं पाहिजे. रोटी, नान, पाव, शीरमाल, नानकटाई, समोसा, रव्याचा हलवा हे तर उघडच आहे. हलीम आणि खिचडा गहू-जवाचा. शीरखुर्म्यातल्या शेवया गव्हाच्या. नियाजचा मलिदा गव्हाचा. बिर्याणी तांदळाची असली तरी दम देताना डेगचीच्या झाकणाला कणीक लावतात. या घरात ती लावू नये, झाकणावर वजन ठेवावं किंवा फॉइल लावावी. बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चक्कीवर गहू दळल्यावर लगेच ज्वारी टाकली की ज्वारीच्या पिठात गहू आलाच, म्हणून धान्य घरी दळण्याची सोय करावी. समोसे तळलेल्या तेलात बेसनाची भजी तळली तरी तीच गोष्ट. एका थाळ्यात सगळे मिळून जेवण्याची जिथे रीत आहे, तिथे नानचे तुकडे पडतात. अशा माणसाचं ताट वेगळं काढलं तर त्याला परकं केल्यासारखं कुणी मानू नये.

खायला काय नाही याची यादी लांब झाली, पण खायला भरपूर आहे आणि याबाबतीत महाराष्ट्रातल्या माणसाचं नशीब चांगलं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सगळ्या डाळी, मटण, मासळी, अंडी, दूध, खजूर, फळं यांत ग्लूटेन नाही. कोकणातल्या घरांत तर तांदळाची भाकरी, घावन आणि सांदण हे रोजचंच. ईदला तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा किंवा फिरनी करता येते. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर भारतीय नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. पण ही पाकिटं महाग असतात. भाकरी असताना त्यांच्या मागे लागण्याची गरज नाही.

सासरी जाणाऱ्या मुलीला हा आजार असेल तर घरचे लपवतात, हे आम्ही पाहिलं आहे. लपवल्यावर तिला पहिल्याच दावतीत नान खावी लागते. रिश्त्याच्या वेळीच ‘हिला गहू चालत नाही’ एवढं एक वाक्य सांगून टाकावं.

दूध न पचणं हा बहुतेक वेळा आजारच नाही

दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर बाळपणानंतर कमी होत जाणं हा माणसाचा मूळ स्वभाव आहे. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये तसंच होतं. उलट मोठेपणीही दूध पचणं हा नंतर आलेला जनुकीय बदल आहे, पशुपालन करणाऱ्या लोकांत तो वाढला. त्यामुळे एक ग्लास दुधाने पोटात गुडगुड होत असेल तर घाबरू नये. दही, ताक आणि पनीर बहुधा चालतं, चहातलं दूधही चालतं. जन्मतःच लॅक्टेज नसणं मात्र वेगळं आणि अतिशय दुर्मीळ आहे.

नवजात बाळ : पहिल्या दोन दिवसांकडे लक्ष

बाळाची पहिली शी काळपट हिरवी, चिकट असते. निरोगी, पूर्ण दिवसांची बाळं ती बहुतेक करून २४ तासांत करतात, उरलेली जवळजवळ सगळी ४८ तासांत. त्यापुढे शी झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली तर घुट्टी, एरंडेल, पानाचं देठ असले प्रयोग करू नका. बाळाला लगेच अशा दवाखान्यात न्या जिथे लहान मुलांचे सर्जन आहेत.

यामागे हिर्शस्प्रुंगचा आजार असू शकतो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६मध्ये दोन बाळांची हकीकत मांडली, त्यांचंच नाव आजाराला पडलं. गर्भात आतड्याच्या नसांच्या पेशी वरून खाली सरकत जातात. या बाळांत त्या शेवटपर्यंत पोचत नाहीत. जिथे नसा नाहीत तिथलं आतडं आवळलेलंच राहतं आणि त्याच्या वर मळ साचत जातो. साधारण ५,००० जन्मांत एक बाळ, आणि मुलींपेक्षा मुलगे जवळपास चौपट. आरईटी नावाच्या जनुकातला दोष यात सगळ्यात महत्त्वाचा, तो १९९४मध्ये सापडला. नसा नसलेला भाग काढून वरचं चांगलं आतडं खाली जोडतात, ऑपरेशननंतर बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही एक धोका असतो. पोट फुगणं, ताप आणि घाण वासाचे जुलाब एकदम सुरू झाले तर ते आतड्याचं गंभीर इन्फेक्शन असू शकतं आणि त्यात तासांचा हिशेब असतो. हलका प्रकार कधीकधी बाळपणी कळत नाही. मूल चार-पाच वर्षांचं होतं, औषधाशिवाय शीच होत नाही, पोट मोठं दिसतं आणि आई-वडील ‘याला सवयच तशी’ म्हणत राहतात.

याच्या उलट काही बाळांना पहिल्या दिवसापासून पाण्यासारखे जुलाब असतात. जन्मजात क्लोराइड जुलाब हा त्यातला एक सुप्त आजार. आतड्याला क्लोराइड शोषता येत नाही. जुलाब इतके पाण्यासारखे असतात की लंगोट ओला पाहून घरचे लघवीच समजतात. गर्भातच जुलाब सुरू झालेले असल्याने आईच्या सोनोग्राफीत गर्भजल जास्त दिसतं. हा आजार जगात दुर्मीळ, पण फिनलंड, पोलंड, सौदी अरेबिया आणि कुवेत इथे तुलनेने जास्त आहे. कुवेत-सौदीत काही हजार जन्मांमागे एक बाळ. कोकणातली कितीतरी कुटुंबं नोकरीसाठी तिथेच आहेत म्हणून हे नाव इथे घेतलं. आजार मात्र तिथल्या पाण्यात किंवा हवेत नाही, तिथल्या अरब घराण्यांतल्या जुन्या जनुकीय बदलात आहे. इलाज साधा पण जन्मभराचा आहे. मोजून दिलेले सोडियम-पोटॅशियमचे क्षार वेळेवर सुरू झाले तर मूल चांगलं वाढतं.

दुसरा याहून दुर्मीळ आजार म्हणजे ग्लुकोज-गॅलॅक्टोज न शोषलं जाणं. यात आईच्या दुधानेच जुलाब होतात, कारण दुधातली साखर याच दोन साखरांची बनलेली असते. मग घरात आईलाच बोल लावला जातो, तुझ्या दुधात दोष आहे म्हणून. दोष दुधात नसतो. या बाळांना ग्लुकोज नसलेलं खास दूध द्यावं लागतं, ओआरएसनेही त्यांचे जुलाब वाढतात. हे वाचून कुणी साध्या जुलाबात ओआरएस थांबवू नये. लाखो मुलांचा जीव वाचवणारं ते औषध आहे आणि हा अपवाद डॉक्टरांनीच ठरवायचा आहे.

सिस्टिक फायब्रोसिस आणि कॅप्सूलचा प्रश्न

हा आजार फुप्फुसाचा म्हणून ओळखला जातो, पण त्याची सुरुवात पुष्कळदा पोटात होते. सीएफटीआर या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, १९८९मध्ये तो शोधला गेला. शरीरातले स्राव घट्ट होतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, पाचक विकरं आतड्यापर्यंत पोचत नाहीत. मूल भरपूर खातं, तरी वजन वाढत नाही. शी तेलकट, घाण वासाची आणि पाण्यावर तरंगणारी. खोकला हटत नाही. आणि बाळाचा मुका घेतला तर चव खारट लागते, ही आईच्या लक्षात येणारी खूण. निदानासाठी घामातल्या क्लोराइडची तपासणी करतात. ‘हा गोऱ्या लोकांचा आजार’ असा समज डॉक्टरांतही फार काळ होता, त्यामुळे आपल्याकडे निदान उशिरा होतं आणि मुलावर टीबीची औषधं चालू राहतात.

इलाजातला मोठा भाग म्हणजे प्रत्येक जेवणाबरोबर विकरांची कॅप्सूल. इथे मुसलमान कुटुंबासमोर एक खरा प्रश्न उभा राहतो. ही विकरं डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात. काही आई-वडिलांना हे नंतर कळतं आणि ते डॉक्टरांना न सांगता कॅप्सूल बंद करतात. मूल पुन्हा खंगतं. काहीजण पपईच्या किंवा बुरशीपासून केलेल्या पाचक गोळ्या देतात. त्या अपचनासाठी ठीक आहेत, या आजारात त्या पुऱ्या पडत नाहीत.

आम्ही फतवा देणारे नाही. एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे की जिवावर बेतलेल्या मजबुरीत हराम गोष्टीची सूट कुराणातच आहे, आणि पर्याय नसताना औषध म्हणून अशा वस्तूंना अनेक उलमांनी परवानगी दिलेली आहे. म्हणून रीत अशी असावी. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दुसरं काही आहे का. नसेल तर तसं लिहून घ्या आणि तो कागद घेऊन आपल्या मुफ्तीसाहेबांकडे जा. उत्तर येईपर्यंत कॅप्सूल बंद करू नका. डॉक्टरांनाही आमची विनंती आहे की हे आधीच सांगा. लपवलेली गोष्ट नंतर कळली की भरवसा जातो.

घराण्यात आतड्याचा कॅन्सर

आतड्याचा कॅन्सर बहुतेकांना उतारवयात होतो आणि तो आनुवंशिक नसतो. पण दोन प्रकार असे आहेत की घराणंच्या घराणं त्यात सापडतं. दोन्ही प्रभावी वारशाचे.

पहिल्यात मोठ्या आतड्यात शेकडो, कधी हजारो गाठी उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. कारण एपीसी हे जनुक. गाठी वयाच्या दुसऱ्या दशकातच सुरू होतात आणि काही केलं नाही तर साधारण चाळिशीपर्यंत कॅन्सर जवळपास ठरलेलाच. म्हणून आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलांची तपासणी १० ते १२ व्या वर्षापासून सुरू करतात. गाठी फार झाल्या की मोठं आतडं काढावं लागतं. ऐकायला भयानक वाटतं, पण आज बहुतेकांना लहान आतड्याची पिशवी करून आतूनच जोडतात, पोटावरची पिशवी काही महिन्यांपुरती असते. ज्यांना ती कायम लावावी लागते ते नमाज सोडून बसतात, कारण वुजू टिकत नाही असं वाटतं. अशा माणसाला शरियतमध्ये माजूर मानलं आहे आणि हनफी, शाफई दोन्ही मसलकांत सवलत आहे. तपशिलात फरक आहे, आपल्या इमामसाहेबांकडून समजून घ्यावा.

दुसरा प्रकार लिंच सिंड्रोम. यात गाठी थोड्याच असतात, म्हणून तो लपून राहतो. १८९५मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉक्टर अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं की माझ्या घरात सगळे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरने गेले, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याचा इतिहास १९१३मध्ये छापला, पुढे हेन्री लिंच यांनी अशी घराणी शोधण्यात आयुष्य घातलं. डॉक्टरांच्या कितीतरी आधी त्या बाईला खरं ते माहीत होतं.

लिंचचा संशय कधी घ्यायचा याचा एक जुना, लक्षात ठेवायला सोपा नियम आहे : तीन, दोन, एक. एकाच घराण्यातल्या तीन नातेवाइकांना आतड्याचा, गर्भाशयाचा किंवा संबंधित कॅन्सर झालेला, ते दोन पिढ्यांतले, आणि त्यातल्या एकाला तरी पन्नाशीच्या आत झालेला. तिघांपैकी एकजण बाकी दोघांचा सख्खा असावा, म्हणजे आई-वडील, भावंड किंवा मूल. नियमात न बसणारी घराणीही असतात, त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी काढलेल्या गाठीचीच तपासणी करतात. जनुकदोष असलेल्याने साधारण २०-२५ वर्षांपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची असते. काही जनुकांत ती थोडी उशिरा सुरू केली तरी चालते. गाठ दिसली की तेव्हाच काढतात आणि कॅन्सर होण्याआधीच अडतो. बायकांनी एक विशेष ध्यानात ठेवावं. पाळी गेल्यानंतर रक्त जाणं किंवा अवेळी जास्त रक्त जाणं हे लाजून लपवण्यासारखं नाही, आणि लिंचच्या घरात तर अजिबात नाही.

वारसा फक्त बापाकडून येतो असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर दादा आणि चाचांचं सांगतात, नाना, मामू, खाला यांचं राहूनच जातं. दोन्ही बाजू तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

जाता जाता क्रोन्सच्या आजाराबद्दल. त्यातही जनुकांचा वाटा आहे, पण वारसा सरळ नाही आणि रुग्णाच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. आपल्या देशात तो आतड्याच्या टीबीसारखा दिसतो आणि दोन्ही ओळखण्यात तज्ज्ञांचीही दमछाक होते. टीबीचं औषध पूर्ण घेऊनही फरक नसेल तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.

नात्यातली लग्नं

यावर बोलताना दोन टोकं दिसतात. एक म्हणजे सगळा दोष मुसलमानांच्या लग्नपद्धतीवर ढकलणं. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मामाच्या मुलीशी लग्न अनेक हिंदू समाजांतही चालत आलं आहे. फिनलंडमध्ये नात्यात लग्नं न करताही क्लोराइड जुलाब पसरला, कारण मूळ वस्ती छोटी होती. दुसरं टोक म्हणजे ‘आमच्या दादा-परदादांनी केलं, काही झालं नाही’ म्हणून विषय बंद करणं.

आकडे असे आहेत. कोणत्याही जोडप्याला गंभीर जन्मदोष असलेलं मूल होण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांच्या लग्नात ती साधारण ४ ते ६ टक्के होते. म्हणजे बहुतेक मुलं चांगलीच निघतात. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच खानदानात लग्नं होत राहिली तर धोका याहून वाढतो. आणि ज्या खानदानात सिस्टिक फायब्रोसिससारखा सुप्त आजार एकदा निघाला आहे, तिथे हे साधारण आकडे लागूच पडत नाहीत, तिथे हिशेब वेगळा करावा लागतो. वर सांगितलेल्या कॅन्सरच्या दोन प्रकारांचा मात्र नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही, ते परक्या घरातली सून आणली तरी तितकेच उतरतात.

चुलत-मामे भावंडांचं लग्न जायज आहे, फर्ज नाही. आजार माहीत असलेल्या खानदानात रिश्ता पक्का करण्याआधी दोघांची वाहक तपासणी करावी, असं आम्हाला ठामपणे वाटतं. सौदी अरेबियात २००४पासून निकाहआधी रक्ताच्या काही आनुवंशिक आजारांची तपासणी सक्तीची आहे, तिथल्या उलमांनी त्यात दीनविरोधी काही पाहिलं नाही. लग्न झालेलं असेल आणि एक मूल आजारी असेल तर पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा अंश घेऊन तपासणी होऊ शकते, मात्र आधीच्या मुलातला नेमका जनुकदोष माहीत असला पाहिजे. ही तपासणी नोंदणी असलेल्या केंद्रातच कायदेशीर आहे. पुढचा निर्णय कुटुंबाचा. मक्केत मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने १९९०मध्ये गंभीर, उपाय नसलेल्या दोषाच्या बाबतीत १२० दिवसांच्या आत, विश्वासू डॉक्टरांच्या समितीने खात्री केल्यावर आणि आई-वडिलांच्या मागणीवरून गर्भपाताची मुभा मान्य केली होती. हे नाजूक आहे, आलिम आणि डॉक्टर दोघांशी बोलूनच ठरवावं.

रोजे, खर्च आणि कुठे जायचं

सिलिअ‍ॅकचा माणूस तब्येत सावरल्यावर बहुधा रोजे ठेवू शकतो, सहरी-इफ्तारीत गहू नको एवढंच. क्लोराइड जुलाब आणि सिस्टिक फायब्रोसिसमध्ये शरीरातून मीठ-पाणी जातं, उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये हा धोका मोठा. अशांनी डॉक्टरांच्या सांगण्यावर रोजा सोडला तर कजा किंवा फिदियाचा रस्ता आहेच. कोलोनोस्कोपीची तयारी रोजात होत नाही. तारीख रमजानच्या आधी किंवा नंतर घ्या, पण वर्षभर पुढे ढकलू नका.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचं केईएम हॉस्पिटल नेमलेलं केंद्र आहे. या धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी केंद्र सरकारची मदत २०२२पासून ५० लाख रुपयांपर्यंत होऊ शकते. आपला आजार त्यात बसतो का, हे तिथेच विचारावं लागेल.

जाताना एक कागद घेऊन जा. त्यावर दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची नावं, कुणाला काय झालं, कितव्या वर्षी झालं, कोण कशाने वारलं, कुठली मुलं बाळपणीच गेली आणि कुणाची लग्नं नात्यात झाली, एवढं लिहा. हे सगळं घरातल्या दादी-नानीला तोंडपाठ असतं. त्यांच्याजवळ बसून एका संध्याकाळी लिहून घ्या. जुने रिपोर्ट, विशेषतः ऑपरेशननंतरचा गाठीचा रिपोर्ट, फेकू नका. जनुकीय तपासणी शक्यतो आजारी माणसाची आधी करतात, कारण त्याच्यातला दोष सापडला की बाकीच्यांची तपासणी सोपी आणि बरीच स्वस्त होते.